ओटीचा खांब आणि त्याचा पोशाख

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालयाच्या पायाभरणीची हकीकत, धर्मगुरूंची नामावळी आणि शाळेच्या उभारणीचा वृत्तांत यांस मानाचें स्थान असावें हें योग्यच होय. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ देवालय नव्हे. देवालयाच्या भोंवतीं वसलेलीं घरें हींही त्याचेंच अंग होत. आणि घराचा विचार करूं लागलें असतां सर्वांच्या आधीं डोळ्यांपुढें येते ती ओटी. पाहुण्याचें स्वागत ओटीवर होतें, सोयरिकीचीं बोलणीं ओटीवर होतात, सायंकाळची प्रार्थना पुष्कळ घरीं ओटीवरच म्हटली जाते, आणि घरांतील माणसाचा शेवटचा प्रवासही ओटीवरूनच सुरू होतो. त्या ओटीचें छप्पर ज्यांनीं डोक्यावर धरिलेलें असतें, त्या खांबांविषयीं चार शब्द लिहिण्याचें येथें योजिलें आहे.

महोत्सवाचें वर्ष आलें म्हणजे घरोघर रंगरंगोटी होते, कौलें नीट केलीं जातात, आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें ओटीचीही सजावट होते. अशा वेळीं एक प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढें येतो. ओटीचे खांब असतात साधे, चौकोनी, चार-पांच इंची. कोठें सागाचे, कोठें रानांतल्या दुय्यम लांकडाचे, तर हल्लींच्या घरांत सिमेंटाचे किंवा लोखंडी नळीचेही. त्यांच्या चारी अंगांस फळ्या बसवून, खालीं बैठक, वर गलथ्याची टोपी व मध्यें नक्षीच्या पट्ट्या दिल्या, तर तोच कृश खांब भरदार व रुबाबदार दिसूं लागतो. कोणी म्हणतात, हें नुसतें ढोंग आहे. आंत गोणपाट आणि बाहेर रेशीम. कोणी म्हणतात, माणूस सणाला चांगलें वस्त्र नेसतो, मग घरानें कां नेसूं नये? आणि घरांतील एखादें वडील माणूस हळूच विचारतें कीं, आंतला खांब कुजूं लागला तर तो बाहेरून कळणार कसा? हा वाद आपल्या गांवापुरता नाहीं, आणि नवाही नाहीं. तो सुमारें तीन हजार वर्षांच्या बांधकामाच्या इतिहासांत पुनःपुन्हां उद्भवला आहे, आणि त्याचें उत्तरही त्याच इतिहासांत सांपडतें.

प्रथम ओटीच्या नांवाविषयीं. ओटी, ओसरी, पडवी, सोपा हे आपले शब्द; त्यांच्या जोडीस व्हरांडा हा शब्द आपण सर्रास वापरतों व तो इंग्रजी समजतों. वस्तुतः वास्को द गामाच्या १४९८ सालच्या सफरीची जी रोजनिशी त्याच्या एका सोबत्यानें लिहून ठेविली, तींतच हा शब्द आढळतो; आणि इंग्रजांनीं तो हिंदुस्थानांत येऊन मग उचलिला. बंगला हा शब्दही असाच बंगालच्या नांवावरून निघून इंग्रजींत गेला. हे दोन शब्द पुढें जहाजांतून अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत पोंचले, व त्यांच्या बरोबर उन्हापावसापासून भिंतीस दूर ठेवणारी ही खांबांवरील सावलीची जागाही तेथें रुजली. म्हणून ओटीच्या खांबाची कथा सांगतांना परदेशचीं उदाहरणें आलीं, तर तीं अगदींच परकीं मानण्याचें कारण नाहीं.

खांबास वेष्टण घालण्याची रीत किती जुनी आहे हें पाहावयाचें असल्यास पवित्र शास्त्रांतील निर्गम या पुस्तकाचा २६ वा अध्याय उघडावा. निवासमंडपाचें वर्णन तेथें आहे. पडद्यासाठीं बाभळीच्या लांकडाचे चार खांब करून ते सोन्यानें मढवावे व रुप्याच्या चार बैठकांवर उभे करावे, आणि दाराच्या पडद्यासाठीं तशाच लांकडाचे पांच खांब सोन्यानें मढवून पितळेच्या पांच बैठकांवर उभे करावे, अशी तेथें आज्ञा आहे. बाभूळ हें वाळवंटांतील साधें, कांटेरी झाड. आपल्या शेताच्या बांधावरील झाडाचें तें भावंडच होय. भार वाहण्याचें काम बाभळीनें करावें, आणि मान सोन्यानें द्यावा, अशी ही वांटणी होती. त्यांतील आणखी एक गोष्ट सुताराच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे. मढविलेला खांब जमिनींत पुरलेला नव्हता. तो स्वतंत्र बैठकीवर होता. या बारकाव्याकडे आपणांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

ग्रीस देशांतील जुनीं देवळें आरंभीं लांकडी खांबांचीं होतीं. ऑलिंपिया येथील हेरा देवीचें देऊळ ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमाराचें. त्याचे लांकडी खांब जसजसे निकामी झाले तसतसे एकेक करून दगडाचे बसविण्यांत आले. त्यामुळें तेथील खांबांचे माथे व जाडी एकसारखीं नाहींत. ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकांत पॉसेनिअस नांवाचा प्रवासी तेथें गेला, तेव्हां देवळाच्या मागील भागांत ओक लांकडाचा एक जुना खांब अजून उभा असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे ज्यांनीं हें देऊळ राखिलें, त्यांनीं खांब कुजला कीं नाहीं हें वेळोवेळीं पाहिलें, व जो निकामी झाला तोच बदलला. त्यांस तें शक्य झालें, कारण खांब त्यांच्या डोळ्यांसमोर उघडा होता.

रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हिअस यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत आपला दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या भागांत आपल्या विषयास अगदीं लागू पडणारी हकीकत आहे. जुने सुतार छपराच्या तुळया भिंतीबाहेर आलेल्या असत त्या सरळ कापीत. पण कापलेलीं तोंडें डोळ्यांस बोचूं लागलीं, म्हणून त्यांवर त्यांनीं फळ्या ठोकल्या व त्या निळ्या मेणानें रंगविल्या. याच फळ्यांच्या आकारावरून पुढें दगडी डॉरिक देवळांवरील तीन पट्ट्यांची नक्षी निघाली, असें त्याचें म्हणणें आहे. ही उपपत्ति सर्वच विद्वानांस मान्य नाहीं. तथापि त्याच्या काळच्या जाणत्या माणसास फळी ठोकून तोंड झांकणें हें हलकें काम वाटत नव्हतें, उलट मोठ्या शैलीचें मूळ वाटत होतें, एवढें त्यावरून सिद्ध होतें. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तो सांगतो कीं, देवळाच्या कोपऱ्यावरील खांब इतरांहून पन्नासाव्या अंशानें जाड करावे. कारण त्यांच्या भोंवतीं मोकळी हवा असल्यानें ते डोळ्यांस बारीक भासतात. कोपऱ्यावरील खांबावर भार अधिक आहे म्हणून नव्हे, तर डोळ्यास तो पुरेसा दिसावा म्हणून ही जाडी. यावरून खांबाचें बळ निराळें व खांबाचें दर्शन निराळें, हें तत्त्व त्या काळीं ठाऊक होतें असें दिसतें. आपला चार इंची खांब छप्पर सहज पेलतो, तरी रुंद ओटीपुढें काठीसारखा दिसतो, याचें कारणही हेंच.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. मळवलीजवळचें भाजें येथील लेणें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतलें. तेथील चैत्यगृहाचे दगडी खांब किंचित् आंत कललेले आहेत. डोंगर कोरून काढलेल्या खांबांस कलण्याची कांहींच गरज नव्हती. पण लांकडी मंडपांत बाहेर रेटणाऱ्या छपरास आवरण्यासाठीं खांब तसे उभे करीत असत, म्हणून पाथरवटानेंही तीच ठेवण घेतली. जवळच कार्लें येथील चैत्यांत तर दगडी छताखालीं सागवानी लांकडाच्या कमानी बसविलेल्या आहेत, आणि त्या सुमारें दोन हजार वर्षांनंतर आजही पाहावयास मिळतात. छताचा भार डोंगर वाहतो. लांकूड केवळ शोभेसाठीं व पूर्वपरिचयाच्या ओढीनें तेथें आलें आहे. सिमेंटाच्या खांबाभोंवतीं सागाच्या पट्ट्या बसवून घेणारा आजचा गृहस्थ नकळत याच जुन्या वाटेनें चालत असतो. जें साहित्य गेलें त्याचें रूप मनास सोडवत नाहीं.

पेशवाईंतील वाड्यांचे खांब पाहिले म्हणजे दुसरी एक रीत दिसते. तेथें सागाचा अख्खा सोट तासून, सुरूच्या झाडासारखा खालीं भरदार व वर निमुळता असा खांब घडवीत, आणि नक्षी त्या खांबाच्या अंगांतच कोरीत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागीं असे खांब अद्याप पाहावयास सांपडतात. परंतु त्याच वाड्यांतून दोन खांबांच्या मध्यें जी पाकळ्यांची महिरप दिसते, ती बहुधा भार वाहणारी कमान नसते. भार वरच्या तुळईवर असतो. महिरप ही कोरलेल्या फळ्यांची, खांबाच्या व तुळईच्या कोनांत बसविलेली शोभा असते. म्हणजे ज्या कारागिरांस अख्खा खांब कोरण्याचें सामर्थ्य होतें, त्यांनाही फळीची शोभा वर्ज्य नव्हती. मात्र एक नेम त्यांनीं सहसा मोडला नाहीं. खांबाच्या पायाखालीं दगडाचा तळखडा असेच. लांकडास मातीचा व सांचलेल्या पाण्याचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं, हा तो नेम. १७३२ सालीं पुरा झालेला शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत जळाला. सागवानी इमारत नाहींशी झाली, पण जोतीं व तट उरले. लांकडाचे दोन शत्रू, अग्नि आणि ओल. पैकीं पहिला अचानक येतो व दुसरा न कळत. तळखडा हा दुसऱ्याविरुद्धचा पहारेकरी होय.

वसई, साष्टी, मुंबई व गोवें येथील आपल्या ख्रिस्ती घरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. वसई १५३४ सालच्या तहानें पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती घेतली. या दोन शतकांत किल्ल्याच्या आंत दगडी देवालयें व मठ उभे राहिले; पण गांवांतील शेतकरी, आगरी, कोळी व कारागीर यांचीं घरें देशी घडणीचींच राहिलीं. गोव्यांत सधन ख्रिस्ती घरांपुढें बालकांव नांवाची खांबांची बैठक झाली, तिच्या दोन्ही अंगांस बसण्याचे ओटे असतात, व तेथून रस्त्यावरील माणसाशीं बोलतां येतें. मुंबईंत गिरगांवची खोताची वाडी, माझगांवची म्हातारपाखाडी, वांद्र्याचें रणवार या वस्त्यांतून लांकडी ओट्या, कठडे व खांब यांचीं घरें होतीं व त्यांपैकीं कांहीं आजही टिकून आहेत. या घरांतून खांबाचें काम साधें असे. कोपरे तासून घेतलेला चौकोनी खांब, वर हस्त, खालीं दगड, आणि वर्षाआड तेलाचा किंवा रंगाचा हात. सामान्य घरांस अख्खा सोट कोरण्याचा खर्च परवडत नसे. आणि साधेपणा हा त्या घरांस कमीपणा वाटतही नसे.

मग साध्या खांबास फळ्यांचा पोशाख चढविण्याची रीत इतकी सार्वत्रिक झाली कशी? त्याचें उत्तर १९ व्या शतकांतील यंत्रांत आहे. पूर्वीं फळी म्हटली म्हणजे दोन माणसांनीं मोठ्या करवतीनें दिवसभर घाम गाळावा, खिळा म्हटला म्हणजे लोहारानें एकेक ठोकून द्यावा, व गलथा म्हटला म्हणजे सुतारानें आकाराच्या रंध्यानें हातानें ओढावा. वाफेच्या करवती, यंत्राचे खिळे व गलथे काढणारीं यंत्रें आल्यावर पातळ फळी व नक्षीची पट्टी स्वस्त झाली, आणि जाड अख्खें लांकूड मात्र दिवसेंदिवस महाग होत गेलें. अमेरिकेंत अॅशर बेंजामिन नांवाच्या सुतारानें १७९७ पासून सुतारांसाठीं नमुन्यांचीं पुस्तकें छापिलीं, आणि १८२० ते १८६० च्या दरम्यान तेथील खेड्यापाड्यांतूनही ग्रीक देवळासारख्या दर्शनी खांबांची हौस पसरली. चौकोनी खांब चार फळ्यांची पेटी करून होई. गोल खांब पिंपाच्या फळ्यांप्रमाणें अरुंद पट्ट्या जोडून पोकळ करीत. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत तर लांकडी घर व त्याच्या भोंवतालची व्हरांडी हीच राहणीची खूण झाली. तेथें चार-पांच इंची चौकोनी खांबाच्या कोरा मधल्या भागांत तासीत, माथ्याजवळ गलथ्याच्या बारीक पट्ट्या चारी बाजूंस ठोकून टोपी करीत, व वर कोरीव हस्त लावीत. थोड्या खर्चांत साध्या खांबास मान देण्याची ही युक्ति आपल्याकडील सुतारासही सहज साधणारी आहे, आणि तींत खांबाचें अंग बहुतेक उघडेंच राहतें हा तिचा विशेष गुण.

परंतु याच काळांत या हौसेस विरोध करणारेही निघाले. अमेरिकेंतील अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यानें १८५० सालीं खेड्यांतील घरांवर ग्रंथ लिहून व्हरांड्याची थोरवी गाइली, पण घरानें आपलें खरें स्वरूप दाखवावें, लांकडानें दगडाचें सोंग घेऊं नये, असें बजाविलें. इंग्लंडांत जॉन रस्किन यानें १८४९ सालच्या आपल्या ग्रंथांत वास्तुकलेचा एक दीप सत्याचा आहे असें प्रतिपादन केलें. जो आधार खरा नाहीं तो आधार म्हणून दाखविणें, एका पदार्थाचें दुसऱ्याच्या रंगानें सोंग आणणें, या गोष्टी त्यानें असत्य ठरविल्या. तथापि हाच रस्किन इमारतीवरील सोन्याच्या मुलाम्यास दोष देत नाहीं. कारण तें आंतून बाहेरून सोनें आहे असें कोणीच समजत नाहीं. पुढें १८५३ सालीं व्हेनिस येथील संत मार्क यांच्या महामंदिराविषयीं लिहितांना त्यानें हाच विचार वाढविला. तें मंदिर १०६३ सालीं बांधावयास घेतलें व १०९४ सालीं त्याचा अभिषेक झाला. त्याच्या भिंती विटांच्या. वर संगमरवराच्या पातळ शिळांचें आच्छादन. रस्किन म्हणतो, हें फसविणें नव्हे. कारण शिळा ज्या खिळ्यांनीं बसविल्या ते खिळे लपविलेले नसतात, आणि हें आच्छादन आहे असें तें काम स्वतःच सांगतें.

या निवाड्यानें आपल्या वादाचा पहिला भाग मिटतो असें मानण्यास हरकत नाहीं. लांकडी खांबास लांकडी फळ्यांचें वस्त्र घातलें, आणि तें वस्त्र आहे हें सांध्यांवरून व पट्ट्यांवरून दिसूं दिलें, तर त्यांत असत्य कांहींच नाहीं. सिमेंटाच्या खांबास लांकूड बसविलें तरी तीच गोष्ट. परंतु फळीवर रंगानें संगमरवराच्या शिरा काढणें, किंवा ज्या खांबावर छप्पर टेकलेलेंच नाहीं असे पोकळ खांब केवळ रांग भरण्यासाठीं उभे करणें, हें शोभेच्या मर्यादेबाहेरचें होय.

आतां वडील माणसांची शंका उरली. आणि सर्वांत वजनदार शंका तीच आहे. तिची साक्ष अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या घरीं मिळते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचें माउंट व्हर्नन येथील घर लांकडी. त्याच्या फळ्यांस दगडी चिऱ्यांप्रमाणें खाचा पाडून, ओल्या रंगावर वाळू टाकून, तें दगडी भासविलेलें आहे. पोटोमॅक नदीकडील बाजूस १७७० नंतरच्या दशकांत त्यांनीं दोन मजली उंचीचा भव्य व्हरांडा बांधविला. त्यास आठ चौकोनी लांकडी खांब. हा व्हरांडा पुढें त्या देशांत असंख्य घरांस नमुना झाला. १७९९ सालीं वॉशिंग्टन वारले. पन्नास वर्षांत त्या घराची काय दशा झाली? १८५३ सालीं लुइझा कनिंगहॅम नांवाच्या एक बाई आगबोटींतून त्या घरापुढून गेल्या, तेव्हां देशपित्याच्या घराची ती पडझड पाहून त्यांस अत्यंत दुःख झालें. खांब इतके जीर्ण झाले होते कीं, व्हरांड्याच्या छपरास जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांचा टेकू द्यावा लागला होता. त्यांनीं आपली कन्या अॅन पामेला हिला पत्र लिहिलें. त्या कन्येनें, स्वतः प्रकृतीनें पंगू असतां, देशांतील स्त्रियांची संस्था उभारून वर्गणी जमविली, १८५८ सालीं २,००,००० डॉलरांस तें घर घेण्याचा करार केला, व १८६० सालीं त्याचा ताबा घेतला. जुने खांब जाऊन नवे आले, आणि घर वांचलें.

या हकीकतीचें तात्पर्य नीट समजून घेतलें पाहिजे. माउंट व्हर्ननचे खांब शोभिवंत होते म्हणून कुजले नाहींत. ते दुर्लक्षामुळें कुजले. परंतु रंगविलेलें, दगडासारखें दिसणारें लांकूड हें लांकूड आहे याचाच विसर पडतो, आणि दुर्लक्ष सोपें होतें. आच्छादनाचा धोका येथें आहे. उघड्या खांबाची भेग मुलांच्याही दृष्टीस पडते. झांकलेल्या खांबाचा रोग छप्पर खचेपर्यंत कळत नाहीं, आणि त्या छपराखालीं तर आपलीं मुलेंबाळें निजलेलीं असतात.

म्हणून ज्यांस खांबांस पोशाख चढवावयाचा असेल त्यांनीं सुतारांच्या पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवानें ठरलेल्या कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, आधीं आंतला खांब तपासावा. पायथ्याशीं व माथ्याशीं टोंचा खुपसून पाहावा. लांकूड भुसभुशीत लागलें किंवा वाळवीची माती दिसली, तर फळी लावण्यापूर्वीं खांबाचा तेवढा भाग कापून नवा जोड द्यावा किंवा खांबच बदलावा. रोगावर वस्त्र घातल्यानें रोग बरा होत नाहीं. दुसरी, खांब तळखड्यावर असावा, आणि फळ्यांचीं खालचीं तोंडें ओटीच्या जमिनीस टेकूं नयेत. बोटभर अंतर ठेवावें. लांकूड आपल्या आडव्या कापलेल्या तोंडानें सर्वांत अधिक पाणी पितें, म्हणून तीं तोंडें रंगानें किंवा तेलानें चांगलीं बुजवून मगच फळ्या बसवाव्या.

तिसरी, फळी व खांब यांच्यामध्यें हवा खेळली पाहिजे. खांबास आधीं उभ्या पातळ पट्ट्या ठोकून त्यांवर फळ्या बसविल्या, आणि खालीं व वर हवेस वाट ठेविली, तर आंत गेलेली ओल वाळते. लांकडांत ओलावा शेंकडा २० पेक्षां कमी राहिला तर कुजविणारी बुरशी त्यांत वाढूं शकत नाहीं. कोंकणच्या पावसाळ्यांत ही मर्यादा राखावयाची असेल तर वाऱ्यावांचून दुसरा उपाय नाहीं. चौथी, लांकूड लांबींत फारसें वाढत नाहीं, पण रुंदींत पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. यास्तव रुंद फळीस दोन्ही कडांनीं जखडून ठोकूं नये, नाहींतर ती मधून तडकते. अरुंद फळ्या घ्याव्या, व सांध्यावर उभी पट्टी द्यावी, म्हणजे फट झांकली जाते व फळीस हालचालीस वाव राहतो. गलथ्याचा वरचा कांठ बाहेरच्या बाजूस उतरता असावा, म्हणजे पाणी तेथें सांचणार नाहीं. पांचवी, सागाचा गाभा वाळवीस दाद देत नाहीं, पण त्याचा बाहेरील पांढरट भाग देतो. खरेदी करितांना हें पाहून घ्यावें. आणि सहावी, जी सर्वांत महत्त्वाची: चारांपैकीं एक फळी खिळ्यांनीं न ठोकतां मळसूत्रांनीं बसवावी. दरवर्षीं पावसाळा सरला म्हणजे ती काढावी, आंत पाहावें, आणि परत बसवावी. मळसूत्राचीं डोकीं दिसलीं तरी लाज मानूं नये. संत मार्कांच्या मंदिरांतही खिळे दिसतात.

खर्चाचाही शब्द सांगणें अवश्य आहे. ज्याची ऐपत बेताची आहे त्यानें संपूर्ण पेटीच्या नादीं न लागतां क्वीन्सलंडच्या रीतीनें केवळ माथ्याशीं गलथ्याची टोपी, व कोनांत दोन हस्त एवढेंच करावें. खांब उघडा राहतो, खर्च थोडा लागतो, आणि ओटीचें रूप पालटतें. ज्याच्या घरीं आजोबांच्या वेळचा तासलेला सागाचा खांब अजून धड आहे, त्यानें तर त्यावर कांहींच चढवूं नये. जुना रंग खरवडून तेलाचा हात दिला म्हणजे तोच खांब महोत्सवास शोभेल. आच्छादन हें साध्यास मान देण्यासाठीं आहे, चांगल्यास झांकण्यासाठीं नव्हे.

बाभळीच्या खांबापासून सिमेंटाच्या खांबापर्यंतच्या या दीर्घ इतिहासांत एक गोष्ट सर्वत्र एकच दिसते. ज्या लोकांनीं आच्छादन घालूनही आंतल्या खांबाची विचारपूस ठेविली, त्यांचीं कामें टिकलीं. ज्यांनीं आच्छादनावर विसंबून पाठ फिरविली, त्यांस शेवटीं डोलकाठीचा टेकू शोधावा लागला. महोत्सवाच्या दिवशीं आपल्या ओट्या सजाव्या, पाहुण्यांनीं त्या पाहून संतोष मानावा, अशी सर्वांचीच इच्छा असणार. ती सफळ होवो. परंतु महोत्सव सरल्यावर, दिवे व पताका उतरविल्यावर, पुढच्या पावसाळ्यानंतर एके सकाळीं घरांतील कर्त्या माणसानें मळसूत्र फिरवून ती एक फळी काढावी व आंत डोकावून पाहावें, ही विनंती. त्या खांबाच्या आधारानें पुढच्या महोत्सवाच्या वेळीं आपलीं नातवंडें ओटीवर बसावयाचीं आहेत.